अर्ध्या कोनाचं चिन्ह

सुवर्णा लग्न होऊन अमळनेरकडून गुजराती मुलखातल्या नवागामला आली, तेव्हा पहिले काही दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. गल्लीच्या तोंडाशीच यंत्रमागांचे गाळे होते आणि दिवसरात्र एकच खडखडाट. पुढे त्याची इतकी सवय झाली, की लाइट जाऊन माग बंद पडले की ती दचकून जागी व्हायची. नवरा कुंदन त्यातल्याच एका गाळ्यात मागावर होता. ती घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची आणि लहानगी प्रियांका तिच्या आजूबाजूला खेळायची. सुवर्णा चांगल्या मार्कांनी दहावी पास झालेली. पण त्या शिक्षणाचा उपयोग आता एवढाच उरला होता, की गल्लीतल्या बायका गावाकडून आलेली पत्रं वाचून घ्यायला तिच्याकडे यायच्या.

शेजारच्या खोलीत मंगलाबाई राहायच्या. त्यांचा नवरा धुडकू, तोही मागावरच. त्यांना एकुलता एक मुलगा, सागर. पोरगा इतका हुशार, की अकरावी सायन्सला गेला तेव्हा साऱ्या गल्लीनं आपलंच पोर गेल्यासारखा आनंद मानला. पण शहाण्णवच्या पावसाळ्यात त्याला मेंदूज्वर झाला. जिवावर आलेलं दुखणं डोळ्यांवर निभावलं. ताप उतरला, पोरगा उठून बसला, आणि म्हणाला, "आई, दिवा लाव ना." तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं.

डोळ्यांची नस सुकली, आता इलाज नाही, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. त्यानंतर कितीतरी महिने सागर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. कुणी भेटायला आलं तरी कूस बदलायचा नाही.

एका दुपारी मंगलाबाई सुवर्णाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "सुवर्णा, तुले येळ शे का वं? मन्हा पोऱ्या कोणशी बोलस नही. त्याले पेपर तरी वाची दाखाड. त्यान्हं मन रमी."

सुवर्णानं हातातली साडी बाजूला ठेवली. पेपर घेऊन ती सागरच्या खाटेशी बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. सागर गप्प. ती क्रिकेटच्या पानापर्यंत आली, तरी गप्प. शेवटी तिनं पेपराची घडी घातली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "वहिनी, फळीवर माझं गणिताचं पुस्तक असेल. ते वाचता का?"

सुवर्णानं पुस्तक उघडलं आणि तिला घाम फुटला. दहावीचं गणित तिला जमत असे, पण हे काही वेगळंच होतं. पानभर रेघा, त्यांच्या वरखाली अक्षरं, मुळाची लांबलचक चिन्हं. तरी तिनं धीर करून सुरुवात केली. "सिन वर्ग... हे अंड्यासारखं, मधे रेघ असलेलं... अधिक..."

खाटेवरून विचित्र आवाज आला. सुवर्णा घाबरून थांबली. मग तिच्या लक्षात आलं, की सागर हसतोय. स्वयंपाक करणाऱ्या मंगलाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सिन नाही वहिनी, साइन," सागर उठून बसत म्हणाला. "आणि ते अंडं म्हणजे थीटा."

"मग हे काय? मांडवाचे दोन खांब आणि वर आडवं लाकूड?"

"तो पाय."

"पाय?"

"हो. पाय छेद दोन म्हणजे नव्वद अंश."

"अर्ध्या पायाचे नव्वद अंश!" सुवर्णा म्हणाली, आणि मग ती दोघंही हसत सुटली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दुपारी भांडीकुंडी उरकली, की सुवर्णा साड्यांचं गाठोडं आणि प्रियांकाला घेऊन मंगलाबाईंच्या ओट्यावर यायची. बसायचं ते ओट्यावरच, चार लोकांच्या डोळ्यांसमोर, हे तिनं न सांगता ठरवून टाकलं होतं. एकीकडे हात टिकल्या लावायचे, दुसरीकडे तोंड वाचायचं. मागांच्या आवाजावर आवाज चढवून वाचावं लागे, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावरही साइन-कॉस पडू लागलं.

वाचायची रीत दोघांनी मिळून बसवली. नुसतं 'एक अधिक कॉस थीटा छेद दोन' म्हटलं, तर दोन हा कुणाच्या खाली आहे हे सागरला कळत नसे. म्हणून सुवर्णा सांगायची, "रेघेच्या वर, एक अधिक कॉस थीटा. रेघेच्या खाली, दोन." मुळाचं चिन्ह आलं, की "मूळ उघडलं" म्हणायचं आणि जिथे त्याची छत्री संपते तिथे "मूळ मिटलं" म्हणायचं. एकदा वाचलं की सागरच्या डोक्यात ते पक्कं बसायचं. चार ओळींचं उदाहरण तो तोंडानं सोडवत जायचा. मधेच अडला, तर "मागची ओळ परत" एवढंच म्हणायचा. बोटांनी वाचायची लिपी तो शिकायला लागला होता, पण त्या लिपीतलं मराठी गणिताचं पुस्तक आणायचं कुठून? त्याच्याकडे पुस्तक म्हणून होती ती ही वहिनीच.

खरी गंमत झाली ती कोष्टकावरून. पुस्तकाच्या शेवटी आकड्यांची पानंच्या पानं होती. कुठल्या कोनाचा साइन किती, कॉस किती, ते त्यात शोधायचं. एका उदाहरणात साडेबावीस अंशांचा कॉस हवा होता. सुवर्णा कोष्टकात बोट फिरवू लागली. आकडे बारीक, ओळी चिकटून. तिनं एक किंमत सांगितली, मग म्हणाली, "थांब, चुकली, ही वरची ओळ," आणि दुसरी सांगितली. मग तिसरी.

सागरचा चेहरा उतरला. "तुमची चूक नाही वहिनी," तो म्हणाला. "पण प्रत्येक वेळी मी कुणाच्या तरी डोळ्यांची वाट बघायची, हे नको वाटतं." थोडा वेळ तो ओट्याच्या फरशीवर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, "अर्धकोनाचं सूत्र काढा बरं. मागे वाचलं होतं आपण."

सुवर्णानं पान शोधलं. "अर्ध्या थीटाचा कॉस बरोबर, अधिक किंवा उणे, मूळ उघडलं, रेघेच्या वर एक अधिक कॉस थीटा, रेघेच्या खाली दोन, मूळ मिटलं."

"हां. आता साडेबावीस हे कुणाचं अर्धं?"

"पंचेचाळीसचं," सुवर्णा म्हणाली. एवढं तर तिला येत होतं.

"आणि पंचेचाळीसचा कॉस मला पाठ आहे. एक छेद मूळ दोन. म्हणजे मूळ दोन छेद दोनच ते. घाला आत." तो आता घाईनं बोलू लागला होता. "एक अधिक मूळ दोन छेद दोन, त्याचे दोन भाग. वर दोन अधिक मूळ दोन, खाली चार. चाराचं मूळ दोन, ते बाहेर आलं. झालं! मूळ उघडलं, दोन अधिक मूळ दोन, मूळ मिटलं. आणि या सगळ्याच्या खाली दोन."

"मुळाच्या पोटात मूळ," सुवर्णा म्हणाली.

"आता आकडा. मूळ दोन म्हणजे एक पॉइंट चार एक चार दोन. त्यात दोन मिळवले, तीन पॉइंट चार एक चार दोन. याचं मूळ..." सागर मान खाली घालून पुटपुटू लागला. "एक पॉइंट पंच्याऐंशीचा वर्ग तीन पॉइंट चार दोन दोन पाच. जरा जास्त झाला. किती जास्त? चौथ्या घरातले त्र्याऐंशी. त्याला तीन पॉइंट सातानं..." ओट्यासमोरून भाजीची हातगाडी गेली, भाजीवाला ओरडत होता, प्रियांका पदर ओढत होती. सागरला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. "एक पॉइंट आठ चार सात आठ. अर्धं करा. पॉइंट नऊ दोन तीन नऊ. वहिनी, आता बघा तुमच्या कोष्टकात."

सुवर्णानं या वेळी पट्टी ठेवून ओळ धरली. बावीस अंश, तीस मिनिटं. बोट सरकत सरकत त्या घरात आलं. तिथे छापलं होतं, .9239.

एवढं जाडजूड पुस्तक, कुणी विद्वानांनी बसून केलेलं, आणि त्यातला आकडा या पोरानं कागद-पेन्सिलीशिवाय ओट्यावर बसून काढला! ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं? चुकलं का?" सागरनं विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "बरोबर आहे. शेवटचा आकडासुद्धा."

त्यानंतर सागरला जणू खेळणं सापडलं. साडेबावीसचं पुन्हा अर्धं केलं, तर सव्वाअकरा. तिथे मुळाच्या पोटात मूळ आणि त्याच्या पोटात आणखी एक मूळ. तिसांचं अर्धं पंधरा. पंधराचा टॅन काढला, तेव्हा एवढ्या मोठ्या मांडणीतून शेवटी फक्त 'दोन उणे मूळ तीन' उरलं. सागरनं ते पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "किती देखणं आहे ना, वहिनी." ज्याला काही दिसत नाही त्याच्या तोंडून 'देखणं' हा शब्द ऐकून मंगलाबाई चटकन आत गेल्या. सुवर्णाला मात्र वाईट वाटलं नाही. तिलाही ते देखणंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी सागरनं हट्ट धरला, की बाहेरून बारावीला बसायचं, आर्ट्सला, पण गणित घेऊन. शाळेतल्या किसन सरांनी त्याला अकरावीत शिकवलं होतं. ते घरी आले. "अरे, तुझ्यासारख्यांना गणित सोडायची सवलत असते," ते म्हणाले. "दुसरा विषय घे. सुखानं पास हो."

"सर, सवलत असते, सक्ती तर नाही ना?" सागरनं विचारलं.

सरांनी हात टेकले आणि मग स्वतःच धावपळ करून परवानगी मिळवली. प्रश्न लेखनिकाचा होता. नियम असा, की लिहिणारा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. सरांनी नववीतला एक मुलगा आणून बसवला. सागरनं सांगायला सुरुवात केली, आणि त्या बिचाऱ्यानं 'मूळ मिटलं' हे शब्द जसेच्या तसे अक्षरांत लिहून ठेवले. सरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात त्यांचं लक्ष दारात टिकल्या लावत बसलेल्या सुवर्णाकडे गेलं.

"ताई, तुमचं शिक्षण किती?"

"दहावी."

"पुढे काही नाही?"

"नाही, सर." सुवर्णाला ओशाळल्यासारखं झालं.

"उत्तम!" सर म्हणाले. दहावीवर शिक्षण थांबलं, याबद्दल सुवर्णाची कुणी तारीफ केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

कुंदनला तिनं भीतभीतच विचारलं. तो जेवत होता. "म्हणजे तू बारावीच्या परीक्षेला बसणार?"

"मी नाही. सागर. मी नुसती लिहिणार."

"तेच ते," कुंदन म्हणाला. "आपल्या घरातलं कुणीतरी बारावीच्या हॉलमध्ये बसणार. लिहायला का होईना." आणि त्या परीक्षेच्या दिवसात प्रियांकाला सांभाळायला म्हणून त्यानं आपली पाळी बदलून घेतली.

आता सुवर्णा नुसतं वाचत नव्हती, विचारतही होती. एक शंका तिला फार दिवस छळत होती. "सागर, सूत्रात अधिक किंवा उणे असं लिहिलंय. मग अधिक घ्यायचं की उणे, हे कसं ठरवायचं? आपण तर आपलं अधिकच घेत आलो."

सागर खूश झाला. "लहान कोन होते ना, म्हणून. मोठ्या कोनाला विचार करावा लागतो." त्यानं कोनाचे चार चरण, म्हणजे वर्तुळाचे चार पाव भाग, समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण हवेत हात फिरवून सुवर्णाला काही कळेना. तेव्हा तिनं घरातून परात आणली आणि ओट्यावर पालथी घातली. काठावर चार बाजूंना चार टिकल्या चिकटवल्या. "ही शून्य, ही नव्वद, ही एकशे ऐंशी, ही दोनशे सत्तर. चालेल?"

सागरनं काठावरून बोट फिरवलं. एकेक टिकली बोटाला लागली, तसा त्याचा चेहरा उजळत गेला. "वहिनी, हे तर मला शाळेत फळ्यावरसुद्धा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं! आता बघा. दोनशे चाळीसचा कोन घ्या. कुठल्या चरणात?"

"तिसऱ्या."

"त्याचं अर्धं?"

"एकशे वीस." तिचं बोट परातीच्या काठावरून मागे आलं. "दुसऱ्या."

"बस्स. चिन्ह ठरवायचं ते अर्ध्या कोनाकडे बघून, पूर्ण कोनाकडे बघून नाही. कॉस दुसऱ्या चरणात ऋण, साइन धन. भलेभले इथेच आपटतात."

सुवर्णानं ते मनाशी घोकून ठेवलं. भाकरी थापतानासुद्धा ती कोन फिरवून बघायची.

मार्चमध्ये परीक्षा आली. केंद्र पर्वत पाटिया भागाच्या पलीकडच्या एका शाळेत होतं. बाकीचे पेपर नीट गेले. गणिताच्या दिवशी दोघांना वेगळ्या खोलीत बसवलं, म्हणजे बोलण्याचा इतरांना त्रास नको. देखरेखीला एक पोक्त गुजराती बाई होत्या. त्यांनी सुवर्णाला बजावलं, "बेन, ए बोले ए ज लखवानुं. बीजुं कांई नहीं."

"हो, बेन, तो सांगेल तेवढंच लिहीन," सुवर्णा म्हणाली.

सागर त्या दिवशी असा काही रंगात होता, की बाई आपली खुर्ची जवळ ओढून ऐकत बसल्या. लांबलचक उदाहरणं तो मोजक्या ओळींत सांगत होता. कुठे खाडाखोड नाही, कुठे अडखळणं नाही. सुवर्णाचा हात त्याच्या तोंडामागे धावत होता. मधे एकदा बाईंनी तोंडाला पदर लावून तिच्याकडे बघितलं आणि 'कमाल आहे' अशी मान हलवली.

मग घंटा झाली. शेवटचा अर्धा तास. बाहेर कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत गेलं, आणि सागरची तंद्री मोडली. अजून बरंच राहिलं होतं. तो घाई करू लागला.

"पुढचा प्रश्न वाचा."

सुवर्णानं वाचला. "कॉस थीटा बरोबर उणे सात छेद पंचवीस. थीटा हा पाय आणि तीन पाय छेद दोन यांच्या दरम्यान. तर अर्ध्या थीटाचे साइन, कॉस आणि टॅन काढा."

वाचतावाचताच तिच्या डोळ्यांपुढे परात फिरली. सागर सांगू लागला. अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग सोळा छेद पंचवीस. कॉसचा वर्ग नऊ छेद पंचवीस. सगळं बरोबर. ती लिहीत गेली.

"आता चिन्ह," सागर म्हणाला. "थीटा तिसऱ्या चरणात. म्हणून दोन्ही ऋण. साइन उणे चार छेद पाच, कॉस उणे तीन छेद पाच. टॅन, अधिक चार छेद तीन."

सुवर्णाचं पेन थांबलं.

अर्धा! अर्ध्याकडे बघ ना रे! तिच्या ओठांवर शब्द येऊन थबकला. त्यानंच तिला शिकवलेलं, त्यानंच घोकून घेतलेलं. नुसतं "ऋण?" असं विचारलं असतं, तरी पुरे होतं. बाई खिडकीकडे बघत होत्या. पण नुसतं विचारणं म्हणजेसुद्धा सांगणंच, हे तिला पक्कं कळत होतं.

"लिहिलं, वहिनी?"

"लिहिते," ती म्हणाली. आणि तिनं लिहिलं. साइनपुढे उणे. कॉसपुढे उणे. टॅनपुढे काही नाही. ती दोन चिन्हं लिहायला तिला पानभर लिहिल्याइतका वेळ लागला.

शेवटची पाच मिनिटं उरली, तेव्हा सागरनं दोन उत्तरं परत वाचून घेतली. परत वाचून घ्यायला परवानगी होती. सुवर्णा मनात म्हणत होती, तेही वाचायला सांग, तेही सांग. सागर म्हणाला, "अर्धकोनाचं राहू दे. ते सोपं होतं."

बाईंनी पेपर घेतला. जाताना त्या सागरच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

बाहेर रस्त्यावर कापडाच्या गाठी भरलेल्या टेम्पोंची गर्दी होती. सागरचा हात धरून सुवर्णा रसाच्या गाडीपर्यंत आली आणि तिला रडूच फुटलं.

"वहिनी? काय झालं? पेपर तर मस्त गेला!"

"अर्धकोनाचं चुकलं, सागर," ती हुंदके देत म्हणाली. "चिन्हं चुकली तुझी. मला कळत होतं. मी बोलले नाही."

सागर जागच्या जागी उभा राहिला. तो मनात गणित परत फिरवतोय, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "हात्तिच्या! मीच तुम्हाला शिकवलं आणि मीच आपटलो!" थोड्या वेळानं त्याचा हात खाली आला. आवाज बदलला. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"कसं म्हणजे? थीटा एकशे ऐंशी आणि दोनशे सत्तरच्या मधे. त्याचं अर्धं, नव्वद आणि एकशे पस्तीसच्या मधे. म्हणजे दुसरा चरण. साइन धन, कॉस ऋण. चार छेद पाच, उणे तीन छेद पाच, टॅन उणे चार छेद तीन."

"परत सांगा."

तिनं डोळे पुसत परत सांगितलं. रसवाला यंत्र थांबवून ऐकत होता.

आणि सागर मोठ्यानं हसला. पहिल्या दिवशी खाटेवर हसला होता, तसा नाही, अगदी मोकळा. "वहिनी, तुम्हाला येतं! घाईत, परीक्षेच्या खोलीत, माझ्या आधी आलं तुम्हाला!"

"पण तुझे मार्क गेले ना."

"गेले तर गेले. तुम्ही एक अक्षर बोलला असतात, तर तो पेपर माझा राहिला नसता. मग लोकांनी कायम म्हटलं असतं, आंधळ्याला काय येणार, लिहिणारीनं लिहिलं. आता जेवढे मिळतील, तेवढे माझे." "एवढं कळत असताना गप्प बसायचं. मला नसतं जमलं, वहिनी. खरंच सांगतो."

घरी मात्र मंगलाबाईंना हे पटलं नाही. "एक शब्द बोलनी आसती, तं काय बिघडतं तुन्हं?" असं म्हणून त्यांनी सुवर्णाशी अबोला धरला. आईचं मन होतं ते, सुवर्णाला राग आला नाही. सागरनं आईला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण एका सकाळी मंगलाबाई वाटीभर शेवया घेऊन दारात आल्या आणि "पोरीले खावाड," म्हणून प्रियांकाच्या नावानं देऊन गेल्या.

निकाल लागला, तेव्हा सागरला गणितात शंभरपैकी ब्याऐंशी होते. किसन सरांनी शाळेच्या फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. धुडकूभाऊ, जे एरवी कुणाशी चार शब्द बोलत नसत, ते गाळ्यात प्रत्येक मागापाशी थांबून त्या खडखडाटात ओरडून सांगत होते, "ब्याऐंशी! ब्याऐंशी!" जुलैत सागर कॉलेजात गेला, गणितच घेऊन. तिथे त्याला वाचून दाखवणारी मुलं मिळाली. पण कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्यानं कुंदनला गाठलं होतं.

"भाऊ, वहिनींनी बारावीला बसायला हवं. गणित घेऊन."

कुंदननं सुवर्णाकडे पाहिलं. ती साडीत तोंड खुपसून बसली होती. "मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "ती कधीची बसलीय. रात्री झोपेत चरण बडबडते."

पुढल्या मार्चमध्ये सुवर्णा परीक्षेला बसली. या वेळी सागरनं शिकवलं आणि तिनं ऐकलं. बाकी ओटा तोच, आरडाओरड तीच. गणिताच्या पेपरला ती उधन्याच्या एका शाळेत, अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या मधे, नऊवारी नेसलेल्या मावशीसारखी अवघडून बसली होती. प्रश्नपत्रिका हातात आली, तिनं पहिला प्रश्न वाचला आणि लिहायला लागली. सोपा वाटला. दुसराही जमला. हात कसा भराभरा चालत होता.

थोड्या वेळानं आजूबाजूची मुलं तिच्याकडे वळून बघू लागली. पुढच्या बाकावरची मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. देखरेखीच्या बाई झपाझप तिच्यापाशी आल्या.

"बेन, मनमां बोलो, मनमां!"

सुवर्णानं जीभ चावली. ती स्वतःलाच मोठ्यानं सांगून लिहीत होती. रेघेच्या वर काय, खाली काय, सगळं. "माफ करा, बेन," ती म्हणाली, ओठ घट्ट मिटून घेतले, आणि पुढच्या ओळीला लागली.